दत्तावसर

मराठीत 'लिहिणे' आणि 'सुचणे' ही दोन क्रियापदे शेजारी शेजारी नांदतात, पण त्यांचे व्याकरण एक नाही. 'मी लिहितो' असे म्हणताना लिहिणारा कर्ता असतो. 'मला सुचते' असे म्हणताना तो चतुर्थीत जाऊन बसतो; भूक लागावी, थंडी वाजावी, ताप यावा तसे सुचणेही त्याच्यावर बाहेरून येऊन पडते. 'सध्या काही सुचत नाही' या वाक्यात म्हणूनच एक सोय आहे. त्यात कोणाचाच काही दोष नसतो. जवळजवळ चार वर्षे आम्ही हे वाक्य भेटेल त्याला ऐकवीत होतो आणि ऐकणारेही (बहुतेक आमच्याच व्यवसायातले, म्हणजे मराठी शिकवणारे) सहानुभूतीने मान डोलवीत होते.

एक कादंबरी सातव्या प्रकरणापाशी थांबली होती. कथानक ठाऊक होते, पात्रे ठाऊक होती, शेवटही ठाऊक होता. रोज रात्री ती फाईल उघडावी, शेवटचा परिच्छेद वाचावा, त्यातला एखादा स्वल्पविराम काढावा, दुसऱ्या दिवशी तो परत घालावा, असे चाले. मित्रांनी दाखले दिले. 'झूल' 1979ची आणि 'हिंदू' 2010ची, म्हणजे नेमाड्यांनाही मध्ये एकतीस वर्षे लागलीच की! कोलटकरांचा 'अरुण कोलटकरच्या कविता' हा संग्रह 1977चा. त्यानंतरचे मराठी संग्रह वाचकांच्या हाती आले ते 2003 मध्ये. हे दाखले दिलासा देणारे असले तरी आमच्या उपयोगाचे नव्हते. प्रकाशित न करणे आणि न लिहिणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कोलटकरांची वही बंद नव्हती. आमची होती.

अशा वेळी साहित्याचा अध्यापक जे करतो ते आम्ही केले. काव्यप्रयोजनांचे प्रकरण पुन्हा काढले. मम्मटाची सहा प्रयोजने आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत: यश, अर्थप्राप्ती, व्यवहारज्ञान, अशुभाचे निवारण, तत्काळ मिळणारा परमानंद आणि कांतेने करावा तसा उपदेश. परीक्षेला दहा गुणांसाठी ही यादी उत्तम आहे. रात्री अकरा वाजता कोऱ्या पानासमोर मात्र तिच्यातले एकही प्रयोजन उभे राहत नाही. काव्यहेतूंच्या बाबतीत मम्मट अधिक कामाचा वाटला. शक्ती, निपुणता आणि अभ्यास हे तीन सांगून तो 'हेतू' हा शब्द एकवचनीच ठेवतो आणि वृत्तीत ते आवर्जून नोंदवतो. तिघे मिळून एकच कारण. प्रतिभा आटली म्हणून अभ्यासाला सुट्टी, असा हिशेब त्याला मान्य नसावा.

पण खरा सोबती भेटला तो राजशेखर. इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकांच्या संधीवरचा, कनोजच्या प्रतीहारांच्या दरबारातला हा पंडित आपल्या पणजोबांना महाराष्ट्राचे चूडामणी म्हणवतो. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्नही त्याने विदर्भातल्या वत्सगुल्मात, म्हणजे आजच्या वाशिमला लावले आहे. त्याची 'काव्यमीमांसा' बडोद्याहून 1916 मध्ये गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून छापली गेली. अलंकारशास्त्राच्या इतर ग्रंथांत काव्य कसे असते याची चर्चा असते. इथे कवी कसा राहतो याचीही आहे. त्याने दिवसाचे प्रहर वाटून दिले आहेत. पहिल्या प्रहरी अध्ययन, दुसऱ्या प्रहरी रचना, भोजनानंतर काव्यगोष्टी, आणि चौथ्या प्रहरी सकाळी रचलेल्याची परीक्षा. चौथा प्रहर आम्हांस फार आवडला. रसाच्या आवेगात रचणाऱ्याची नजर विवेचक नसते, म्हणून तपासणीची वेळ निराळी हवी, हे त्यामागचे कारण. रचना आणि परीक्षा एकाच घटकेला करू पाहणाऱ्याचे काय होते हे आमच्या त्या स्वल्पविरामाला विचारावे.

पुढे तो कवींचे काळानुसार चार प्रकार करतो. गुहेत किंवा आतल्या दालनात शिरून निष्ठेने रचणारा, सूर्यही न पाहणारा, तो असूर्यंपश्य. त्याला सगळेच काळ सारखे. रचनेत मन घालून बसतो पण तेवढी निष्ठा नाही, तो निषण्ण. चाकरी वगैरे सांभाळून उरलेल्या वेळात रचतो, तो दत्तावसर. एखादे निमित्त घडले की रचतो, तो प्रायोजनिक. ही प्रतवारी आहे असे प्रथमदर्शनी वाटते, आणि आपल्या नवलेखकांच्या मनात आजही पहिलाच प्रकार लेखक म्हणून ठसलेला असतो. नोकरी सोडू, गावाबाहेर खोली घेऊ, मग लिहू. नेमाड्यांनी ज्याला 'लेखकराव' म्हटले तो प्राणी पुष्कळदा या असूर्यंपश्यतेच्या हव्यासातूनच जन्मतो, असे आमचे मत आहे. खोली मिळते, सूर्य दिसेनासा होतो. निष्ठा मात्र भाड्याने मिळत नाही.

मराठी साहित्याचा मोठा भाग दत्तावसरांनी आणि प्रायोजनिकांनी लिहिला आहे. बहिणाबाई चौधरींची गाणी शेतातल्या आणि जात्यावरच्या कामाच्या सोबतीने झाली. त्या 1951 मध्ये वारल्या आणि पुढच्या वर्षी, सोपानदेव चौधरी व अत्रे यांच्यामुळे, ती पुस्तकरूपाने आली. लक्ष्मीबाई टिळकांनी 'ख्रिस्तायन' पुढे नेले ते 1919 मध्ये टिळक ते अपुरे टाकून गेले म्हणून. आणि 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढल्यापासून किती कथा केवळ संपादकाचे पत्र आले म्हणून लिहिल्या गेल्या असतील! निमित्ताला आपण उगाच हलके समजतो.

आमचे निमित्त मात्र दिवाळी अंकाइतके आनंदाचे नव्हते. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सत्तावीस वर्षे शिपाई असलेले एक गृहस्थ निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी वारले. शोकसभेत वाचायला दोन पाने लिहून द्या, असे प्राचार्यांनी सांगितले. मराठीच्या माणसाकडे ही कामे येतातच. त्या चार वर्षांत मानपत्रे, शोकप्रस्ताव, अहवाल यांवाचून आम्ही काही लिहिलेही नव्हते. ठरावीक वाक्ये तयार होती. लिहायला बसलो तेव्हा आठवले की त्यांना पुस्तके नावाने नव्हे, बांधणीच्या रंगावरून ठाऊक असत, आणि विद्यार्थ्याने 'ती विटकरी, कोपरा फाटलेली' एवढे सांगितले तरी ते नेमके पुस्तक काढून देत. आठवले की आमच्या पहिल्या कथासंग्रहाची प्रत कोणी नेली की ते व्हरांड्यात गाठून हळूच सांगत, 'सर, गेलं बरं का.' त्यांनी तो वाचला नव्हता. अखेरच्या चार वर्षांत त्यांनी असे काही सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

दोन पानांची पाच झाली, एका बैठकीत. सभेत त्यांची पत्नी पहिल्या रांगेत होत्या. त्यांना कळेल का, खोटे वाटणार नाही ना, एवढा एकच विचार लिहिताना होता. शैलीचा, प्रयोगाचा, मराठी कादंबरीच्या परंपरेतल्या आपल्या जागेचा नव्हता. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, 'घरी त्यांनी हे कधी सांगितलं नाही,' आणि पाने मागून घेऊन पदराखाली धरून गेल्या. आमच्याजवळ प्रत राहिली नाही.

यानंतर कादंबरी भराभर पुरी झाली, असे लिहिणे शोभले असते. तसे झाले नाही. तिच्यात कोणाला काही सांगायचे नव्हते. एक कादंबरी असावी एवढेच होते. ती फाईल आहे तिथे आहे. राजशेखराने रचनेच्या नाशाची जी कारणे सांगितली आहेत त्यांत 'नंतर पुरे करू, नंतर संस्कार करू, मित्रांशी चर्चा करू' हा मनाचा गोंधळ येतो, आणि त्याच वाक्यात राष्ट्रावरचे संकटही येते. दोहोंना एका ओळीत बसवणारा मनुष्य विनोदी असला पाहिजे, किंवा फार अनुभवी. त्याच्या स्वतःच्या ग्रंथाची योजना अठरा अधिकरणांची होती. आपल्यापर्यंत पोचले ते पहिलेच. कवित्वाच्या आठ मातांची नावे सांगताना त्याने शेवटी 'अनिर्वेद' ठेवला आहे, म्हणजे खचून न जाणे. प्रतिभेशिवाय आणखी सात आया असतात हे त्या वर्षांत कोणी सांगितले असते तर बरे वाटले असते.

सध्या सकाळी पहिल्या तासिकेपूर्वीचा पाऊण तास आमचा आहे. नॅकचा अहवाल, उत्तरपत्रिका आणि घरची कामे यांतून दिलेला अवसर तेवढाच. त्यात ग्रंथालयाच्या देवघेव खिडकीविषयी, तिच्या अलीकडे-पलीकडे उभ्या राहिलेल्या माणसांविषयी काही लिहीत आहोत. ते लेख होतील की कथा, ठाऊक नाही. संध्याकाळी ते तपासतो, रात्री उघडत नाही. अर्धी रचना दुसऱ्यास वाचून दाखवू नये, ती पुरी होत नाही, हे राजशेखराचे कविरहस्य आहे. त्यामुळे त्याविषयी याहून अधिक इथे सांगत नाही.