मीठ पावात

जर्मन बटरला चव नसते, असं माझ्या नणंदेच्या मुलाने माझ्याच स्वयंपाकघरात, माझंच बटर पावावर थापत जाहीर केलं. वर मीठ मागितलं. मी दिलं. पाहुणा, त्यातून नणंदेचा मुलगा. पण त्यानंतर ‘मामी, इथे अमूल कुठे मिळतं गं?’ हे त्याने ज्या काकुळतीने विचारलं, ते मला लागलं. जणू इतकी वर्षं आम्ही इथे उपाशीच बसलो आहोत.

अमूल मिळत नाही, कारण भारतातलं दूधदुभतं आयात करायला युरोपीय संघाची परवानगी नाही. प्रवाशाच्या बॅगेतूनसुद्धा नाही. येणाऱ्या प्रत्येक सासूबाईंना हे फोनवर सांगावं लागतं आणि प्रत्येक सासूबाई ‘अगं, घरचं तूप आहे, त्याला कोण काय म्हणणार?’ असंच उत्तर देतात. ते असो. मुद्दा चवीचा आहे, आणि स्टुटगार्टमध्ये राहून बटरला चव नसते म्हणणाऱ्याला सविस्तर उत्तर देणं मला भाग आहे.

इथल्या दुकानात बटरच्या फडताळापुढे नवा माणूस गोंधळतो. २५० ग्रॅमच्या, एकाच मापाच्या वड्या. सोनेरी, रुपेरी, निळी वेष्टनं. आणि वेष्टनावर बारीक अक्षरात एक शब्द, जो कोणी वाचत नाही. सगळी मेख त्या शब्दात असते. झ्यूसराम म्हणजे ताज्या, गोड सायीचं बटर. झाउअरराम म्हणजे साय आधी विरजून मग घुसळलेलं. हे भेद दुकानदाराने केलेले नाहीत, नियमाने ठरलेले आहेत, तेही आम्लतेच्या आकड्यावर: झ्यूसरामचा पीएच ६.४ किंवा त्याहून वर, झाउअररामचा ५.१ किंवा त्याहून खाली. आणि या दोघांच्या मध्ये तिसरी जात, मिल्डगेझॉयर्ट, म्हणजे सौम्य आंबट. स्वस्तातली वडी उचलली की बहुतेक वेळा झ्यूसराम नाहीतर हे तिसरं हाती येतं.

हे तिसरं प्रकरण मला कळलं तेव्हा मी आधी हसले आणि मग थोडी चिडले. यात साय आंबवतच नाहीत. गोड सायीचंच बटर काढतात आणि तयार बटरमध्ये शेवटी विरजणाचे जीवाणू आणि दुधाच्या आम्लाचा अर्क मळतात. एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? ताकासाठी! साय विरजून घुसळली तर मागे आंबट ताक राहतं आणि कारखान्याला ते नको असतं. गोड ताक वाळवून त्याची भुकटी करता येते, ती चॉकलेटवाल्याला, बिस्किटवाल्याला विकता येते. म्हणून ताक गोड ठेवायचं आणि आंबटपणा मागाहून बटरला लावायचा, अशी ही युक्ती. ती निघाली नेदरलँड्समध्ये. हिशेबाला चोख आहे, यात वाद नाही. या बटरबद्दल मी वाईट बोलणार नाही. केक चांगला होतो.

झाउअरराम मात्र आपल्या ओळखीचं. आठवडाभराची साय, चमचाभर विरजण, एक रात्र, मग रवी, असं ज्या घरात चालतं त्या घराने हेच बटर पिढ्यान् पिढ्या खाल्लं आहे, फक्त ते पांढरं असतं, कारण म्हशीच्या दुधात गायीच्या दुधासारखं कॅरोटीन नसतं. इथल्या गायी उन्हाळ्यात कुरणात चरतात तेव्हा बटर चांगलं पिवळं आणि मऊ येतं. हिवाळ्यात त्या गोठ्यात वाळलेला चारा खातात तेव्हा फिकट आणि कडक. अमूलचा पिवळेपणा बाराही महिने सारखा, कारण तो अॅनॅटोच्या बियांच्या रंगाचा.

आणि अमूलची चव? भाच्याला मी हे मुद्दाम सांगितलं. आणंदच्या संघाने सुरुवातीला ताज्या सायीचं बटर बाजारात आणलं तेव्हा मुंबईच्या गिऱ्हाइकाला तेही असंच फिकं लागलं होतं. जिभेला सवय होती पॉल्सनची. पॉल्सनचं बटर आंबलेल्या सायीचं आणि भरपूर मीठ घातलेलं. शेवटी अमूललाही त्या सवयीपुढे मान तुकवून मीठ घालावं लागलं. तेव्हा ‘खरी’ म्हणून आपण ज्या चवीला जागतो, ती एका पारशी व्यापाऱ्याच्या आंबट सायीची दुरून आलेली आठवण आहे. भाचा म्हणाला, ‘इंटरेस्टिंग’, आणि पुन्हा मीठ घेतलं.

युरोपच्या बटरशी आपलं नातं तसं जुनं आहे, आणि ते अमूलच्या गावावरूनच जातं. इथल्या सरकारांनी शेतकऱ्याला हमीभाव दिला, शेतकऱ्याने दूध वाढवलं आणि साठच्या दशकाच्या अखेरीपासून शीतगृहांत बटर साचत गेलं. वर्तमानपत्रं त्याला ‘बटरचा डोंगर’ म्हणत. ऐंशीच्या दशकात तो दहा लाख टनांच्या वर गेला. १९८४ मध्ये दुधावर कोटा आला, तेव्हा कुठे लगाम बसू लागला. भारतात १९७० मध्ये दूध महापूर योजना सुरू झाली ती या साचलेल्या मालातूनच. पहिल्या टप्प्यात १,२६,००० टन दूध भुकटी आणि ४२,००० टन बटर ऑइल दान म्हणून आलं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासच्या डेअऱ्यांत ते पाण्यात मिसळून पुन्हा दूध झालं आणि त्याच्या विक्रीचा पैसा गावोगावच्या दूधसंस्थांत गेला. फुकटच्या बटरने आपला शेतकरी बुडाला असता. अमूलच्या वर्गीस कुरियन यांनी त्याच्यावर शेतकरी उभा केला. आमचे हे दादरला आरेच्या बाटलीतलं दूध पिऊन वाढले. म्हणजे जर्मनीत येण्याच्या कितीतरी आधी जर्मन बटर यांच्या पोटात गेलेलं असण्याची शक्यता आहे, पण हे मान्य करत नाहीत.

आता ब्रेत्सेल. त्यावर बोलल्याशिवाय स्टुटगार्टमध्ये बटरवर बोलता येत नाही.

सकाळी एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, फलाटावर निम्म्या लोकांच्या हातात कागदी पिशवी असते आणि तिच्यात बुटरब्रेत्सेल. ब्रेत्सेल ही पावाची गाठ. भाजण्याआधी ती सौम्य कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून काढतात, म्हणून वरून तपकिरी, चकचकीत, आणि वर मिठाचे खडे. आमच्या श्वाबेन प्रांतातल्या ब्रेत्सेलचं पोट जाड आणि मऊ, हात बारीक आणि कडक. पोटावर एक चीर. म्युनिकच्या ब्रेत्सेलचे हात जाड असतात आणि त्या सगळीकडून उकलतात. इथल्या माणसाकडे तिची स्तुती करू नये. पोटाला आडवा छेद देऊन आत बटर भरायचं, लावायचं नाही, भरायचं: थंड, बिनमिठाचं, बोटाच्या पेराएवढं जाड. बेकरीवाल्याने बटर पातळ लावलं तर इथला अतिशय मितभाषी मनुष्यही बोलतो.

मी पुण्याची, त्यामुळे मला डेक्कनवरच्या गुडलकचा बनमस्का आठवणारच. गुडलक १९३५ पासूनचं. बन मऊ, किंचित गोड. मस्का खारट, कडेने बाहेर आलेला. बरोबर चहा, आणि बन चहात बुडवला की चहावर तरंगणारे पिवळे थेंब. बनमस्का बसून खायचा असतो. त्याला संगमरवरी टेबल लागतं, समोरचा माणूस लागतो, दुसरा चहा लागतो. ब्रेत्सेल चालता चालता खायची असते आणि मिठाचे खडे कोटावर सांडायचे असतात. बनमस्क्यात कुरकुरीत काहीच नाही, दात नसलेल्या आजोबांनाही चालतो. ब्रेत्सेलच्या हातांनी आमच्या ओळखीतल्या एकांची कवळी मोडली आहे. बनमस्का शिळा झाला तरी चहात तरून जातो. दुपारनंतरची ब्रेत्सेल चामड्याची होते. चहात ब्रेत्सेल बुडवून मी पाहिली आहे. बुडवू नये.

पण दोन्ही नीट पाहिलं तर हिशेब एकच आहे, फक्त उलटा मांडलेला. पुण्यात पाव गोड आणि मीठ बटरमध्ये. इथे बटर बिनमिठाचं आणि मीठ पावात. नुसती ब्रेत्सेलच नाही, इथला रोजचा, राय या धान्याचा काळा पावही चांगला खारट आणि आंबट असतो. त्यावर अमूल लावलं असतं तर दोन कीर्तनकार एकाच मंडपात उभे राहिले असते. भाच्याने लावलं होतं ते बटर फिकं नव्हतं; तो ते आपल्या सोबत आणलेल्या गोड ब्रेडवर लावत होता, कारण काळा पाव त्याला ‘जळका वाटतो’. गोड ब्रेडवर बिनमिठाचं बटर, मग चव येणार कुठून?

मीठच हवं असेल तर सोय आहे. डॅनिश, आयरिश खारं बटर इथे मिळतं. त्याहून चांगलं म्हणजे दीड तासाच्या आत स्ट्रासबुर्ग गाठावं आणि कुठल्याही साध्या दुकानातून ब्रिटनी प्रांताचं बटर आणावं, ज्यात दाताखाली मिठाचे खडे येतात. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीपर्यंत मिठावर जबर कर होता, पण ब्रिटनीला त्यातून सूट होती. तिथे मीठ स्वस्त म्हणून बटर खारवायची पद्धत पडली आणि राहिली. उकडलेल्या बटाट्यावर ते बटर घेतलं की मी तेवढ्यापुरती माझी सगळी मतं बाजूला ठेवते.

माझी निवड तरीही झाउअरराम. झ्यूसराम ब्रेत्सेलसाठी, ब्रिटनीचं बटाट्यासाठी, अमूल पावभाजीसाठी आणि फक्त पावभाजीसाठी. बाकी थालीपीठ, भाकरी, काळा पाव, गरम वरणभात, सगळ्याला झाउअरराम. शिवाय त्याचं तूप आपल्यासारखं होतं, कारण आपलंही तूप विरजलेल्या सायीचंच. हे मी मागे सहज बोलून गेले, तेव्हापासून ‘पण लोणी घरी कसं काढायचं?’ अशी विचारणा ओळखीतल्या मुली सतत करतात. एकदाच सांगते.

इथल्या दुधावर साय येत नाही, कारण दूध एकजीव केलेलं असतं. ‘निश्ट होमोगेनिझीर्ट’, म्हणजे एकजीव न केलेलं, असं लिहिलेली बाटली आणली तर वर मलई येते, पण तेवढ्याने लोण्याचा गोळा व्हायला महिना जाईल. पॅकमधल्या श्लागझानेवर, म्हणजे फेटायच्या सायीवर, ई ४०७ लिहिलेलं असेल तर ते घेऊ नका; तो कॅराजिनन साय धरून ठेवतो आणि घुसळून हात दुखले तरी लोणी सहज वेगळं होत नाही. सगळ्यात सोपा रस्ता क्रेम फ्रेशचा. ती तीस टक्के चरबीची, आधीच विरजलेली सायच आहे. ‘लाइश्ट’ म्हणजे हलकी नको, त्यात स्टार्च असतो. दोन डबे, म्हणजे ४०० ग्रॅम, फ्रिजमधून काढून पाऊण तास ओट्यावर ठेवा. अगदी गार असेल तर फुटत नाही, कोमट झाली तर लोणी तेलकट येतं. खोल भांड्यात हँडमिक्सर लावा आणि भांड्यावर फडकं धरा. आधी घट्ट होईल, मग रवाळ, मग एकाएकी पाणी सुटेल. त्या क्षणी मिक्सर बंद, नाहीतर ताक भिंतीवर. गोळा थंड पाण्यात दोन-तीनदा धुवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. सव्वाशे ग्रॅमच्या आसपास लोणी मिळतं. हिशेबाने हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, पण ताक मिळतं, आंबट, खरं ताक, कारखान्याला नको असलेलं. जिरं, आलं, कोथिंबीर घालून ते लगेच संपवा.

तुपासाठी एवढा खटाटोप करू नका. झाउअररामच्या वड्याच आणा. २०२४ च्या शरद ऋतूत साध्या बटरची वडी २.३९ युरोवर गेली होती आणि वर्तमानपत्रांनी ती पहिल्या पानावर छापली होती; तेव्हा आमच्याकडे तूप वाटीने नाही, चमच्याने वाढलं जाई. आता उतरली की चार-पाच घेऊन फ्रीजरमध्ये टाकते. एका वडीचं दोनशे ग्रॅमच्या आत-बाहेर तूप होतं, बाकी पाणी आणि बेरी. जाड बुडाच्या भांड्यात, मंद आचेवर. चर्रर्र आवाज थांबला आणि बेरी बदामी झाली की उतरवायचं. विड्याचं पान मिळालं तर टाका. रवाळ हवं असेल तर बरणी फ्रिजमध्ये ठेवू नका, ओट्यावरच सावकाश निवू द्या.

आणि कढवायला घेण्याआधी स्वयंपाकघराचं दार लावून खिडकी उघडा. इथे पॅसेजमध्ये आणि झोपायच्या खोल्यांत धुराची घंटा सक्तीची आहे, आणि बेरी जरा जास्त लाल झाली की ती वाजते.