सरळ रेषा, वाकडी वाट

औंधच्या डोंगरावर यमाईचे मूळपीठ आहे. तेथून खाली पाहिले असता पर्जन्यछायेतील खटावचा मुलूख नजरेत भरतो. कोरडे माळ, मधूनमधून विहिरींच्या आधाराने तगलेली हिरवी शेते. या मुलखाला पाण्याइतकीच विजेचीही गरज आहे; विजेवाचून विहिरीचे पाणी शेतात चढत नाही.

अशा प्रदेशातून उच्चदाबाची वाहिनी न्यावयाची झाल्यास अभियंता प्रथम नकाशा पसरतो. दोन उपकेंद्रांना जोडणारी सरळ रेषा सर्वांत आखूड, म्हणून स्वस्त. परंतु त्या रेषेखाली काय आहे, हे पायी हिंडल्यावाचून कळत नाही. २२० किलोव्होल्टच्या वाहिनीस सुमारे ३५ मीटर रुंदीचा पट्टा लागतो आणि त्यात उंच झाडांना थारा नसतो. एखादी जुनी आमराई त्या रेषेत सापडली, तर ती जावयाचीच. उतारावर मनोऱ्यासाठी माती उकरली, तर पहिल्याच वळवाने ती ओढ्यात जाते.

आकाशातही वाटा असतात. याच तालुक्यातील येरळवाडी व मायणी येथील जलाशयांवर रोहित पक्षी येतात. त्यांचे थवे पुष्कळदा रात्री उडतात. आकाशातील विजेपासून रक्षण व्हावे म्हणून वाहिनीच्या माथ्यावर एक बारीक तार ताणलेली असते. ती दिसत नाही आणि पक्षी बहुधा तिच्यावरच आदळतात.

माळढोकाची कहाणी याहून करुण आहे. त्याला समोरचे नीट दिसत नाही आणि जड देहामुळे चटकन वळताही येत नाही. त्याच्या रक्षणासाठी राजस्थान व गुजरातमधील तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. परंतु उभ्या वाहिन्या सर्वत्र पुरणे सोपे नव्हते. २०२४ साली तो आदेश बदलून हा प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवावा लागला. रोवलेला मनोरा हलविणे कठीण. पेन्सिलीची रेषा मात्र क्षणात खोडता येते.

वनजमिनीतून वाहिनी न्यावयाची तर कायद्याने परवानगी घ्यावी लागते. उघड्या माळाला मात्र लोक पडीक म्हणतात आणि त्याची बाजू मांडावयास कोणी येत नाही. तेथे आखणाऱ्याचा विवेक हाच कायदा. विहिरीवरचा पंप चाललाच पाहिजे, घरात दिवा लागलाच पाहिजे. पण त्यासाठी वाहिनीला दोन वळणे अधिक घ्यावी लागली, तर तो खर्च वाया गेला असे कोणी म्हणू नये.