पद्मनाभपुरच्या अंगणातला छोटा हत्ती

पद्मनाभपुर कुठे आहे, असं विचारलं तर दोन उत्तरं मिळतात. कुणी म्हणतं दुर्ग, कुणी म्हणतं भिलाई. दोन्ही बरोबर. जोडशहरच आहे ते. एक कधी संपलं आणि दुसरं कधी सुरू झालं, हे रिक्षातून जाताना कळतही नाही. जुनं दुर्ग शिवनाथ नदीच्या काठाचं आणि जिल्ह्याचं ठिकाण. भिलाई त्या मानाने कालचं पोर, पोलादाच्या कारखान्याभोवती वाढलेलं.

नागपूरहून निघालात तर रेल्वेने चारेक तासांचा रस्ता. दरेकसाच्या जंगलातून बोगदे पार केले, डोंगरगडच्या टेकडीवरचं बम्लेश्वरीचं देऊळ खिडकीतून दिसलं, की आपण छत्तीसगडमध्ये आलो असं समजायचं. दुर्गला उतरून पद्मनाभपुरात शिरलं की बैठी घरं, पेरूची झाडं, दुपारची शांतता. मधूनच एखाद्या दारावर मराठी आडनावाची पाटी दिसते आणि आपण थबकतो.

थबकण्यासारखं खरं तर काही नाही. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा छत्तीसगडात १७४१ मध्ये आल्या, पुढे बिंबाजी भोसले रतनपुरात राहिले. अगदी १९५६ पर्यंत दुर्गचा कारभार ज्या राज्यातून चालायचा त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे कारकून, मास्तर, रेल्वेवाले इकडे येत राहिले आणि इथलेच झाले. भिलाईचा कारखाना सोव्हिएत मदतीने उभा राहिला, १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं, तेव्हा देशभरातून माणसं आली. त्यांत आपलेही लोक होते.

माझी आत्या याच पद्मनाभपुरात राहते. तिचे यजमान, म्हणजे आम्हा विदर्भवाल्यांच्या भाषेत मामाजी, कारखान्याच्या मशीन शॉपमधून निवृत्त झाले. त्यांच्या अंगणात गेल्या हिवाळ्यापासून चार महिने एक टाटा एस उभी होती. तुम्ही तिला छोटा हत्ती म्हणत असाल, इथे ‘छोटा हाथी’ म्हणतात. २००५ मध्ये पुण्याहून बाजारात आलेली ही चिमुकली मालगाडी. दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं डिझेल इंजिन, ताकद फक्त १६ अश्वशक्ती. पण गल्लीबोळातून भाजी, सिमेंट, गॅसच्या टाक्या आणि लग्नाचं मांडवसामान हिनेच वाहिलं. बरं, मालगाडीच्या मागच्या मोकळ्या भागाला मराठीत हौदा म्हणतात. हत्ती आणि त्याच्यावर हौदा! हा योग कंपनीने जुळवला नसेल, आपल्या भाषेनेच जुळवला.

ही गाडी २०१० ची. पिण्याच्या पाण्याचे जार पोचवणाऱ्या माणसाकडून ६२ हजारांत घेतली. हौस म्हणून नाही. दादाचं, म्हणजे आतेभावाचं, कंत्राटी काम संपलं होतं. नवी गाडी म्हणजे काही लाखांचं कर्ज आणि दर महिन्याला हप्ता. आत्याने एक मुदत ठेव मोडली आणि स्पष्ट सांगितलं, “एवढ्यात बसवा. पुन्हा मागायला येऊ नका.”

*पाण्याने खाल्लेला हौदा*

पाण्याचे जार वाहिलेली गाडी कधी घ्यायची असेल तर आधी हौद्याखाली वाकून बघा. वरून रंग छान असतो. मामाजींनी हातोडीच्या दांड्याने सगळीकडे टकटक केलं. चांगला पत्रा टणटणतो, सडलेला भद्द वाजतो. इथे जवळजवळ निम्मा हौदा भद्द वाजला. दोन ठिकाणी तर दांडा आरपार गेला. सुदैवाने चासी शाबूत होती. चासीच गंजली असती तर गाडी तशीच परत द्यायची, असं त्यांनी आधीच ठरवलं होतं. हौदा कापून नवा लावता येतो, पण चासी गेली की सगळंच गेलं.

इथे मला वाटलं, भिलाईत काय, लोखंडाला तोटा नाही. मामाजी हसले. भिलाईच्या कारखान्यात रेल्वेचे रूळ होतात, जाड प्लेटा होतात, सळ्या आणि तारा होतात. गाडीला लागतो तसला पातळ पत्रा तिथे होतच नाही. पोलादाच्या गावात हौद्याचा पत्रा बाहेरगावचा आणावा लागला! पण भिलाईत एक गोष्ट खरंच मुबलक आहे, ती म्हणजे हात. नंदिनी रोडच्या बाजूला छोटे-मोठे कारखाने आहेत, ट्रान्सपोर्ट नगरात ट्रक दुरुस्तीवाले आहेत. लेथ, वेल्डिंग, पाट्यांचं काम, रेडिएटरवाला, सगळे एका सकाळच्या फेरीत भेटतात. बाजारात न मिळणारं एखादं बुश हवं असेल तर जुनं दाखवायचं, तो तसंच नवं काढून देतो. वेल्डिंगला आलेला भैया गाडीभोवती एक चक्कर मारून फक्त म्हणाला, “बन जाही.” छत्तीसगडीत म्हणजे, होऊन जाईल. आत्याचा जीव तेव्हा जरासा खाली आला.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या वायरी काढल्या, डिझेलची टाकी उतरवून लांब ठेवली. हे सांगायचं कारण, घरच्या अंगणात काम करताना घाईत हेच राहून जातं. आणि गाडीखाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही नाही. खाली भक्कम घोडे लावायचेच. सडलेला भाग पूर्ण कापून नवा पत्रा जोडला, सांधे घासले, मग रेड ऑक्साइड. गंजावर थेट लांबी भरून रंग मारणारे पुष्कळ आहेत. स्वस्तात होतं, दोन पावसाळे छान दिसतं. आतून गंज आपलं काम चालूच ठेवतो. नव्या हौद्याला मामाजींनी कोपऱ्यांत भोकं पाडून घेतली. पाणी साचायला नको, त्याला वाट हवी. जुन्या मालकाने ही चार भोकं पाडली असती तर अर्धा खर्च वाचला असता.

शेजारच्या काकू दुपारी झोपतात. ग्राइंडर सुरू झाला की त्यांची खिडकी धाडकन बंद व्हायची. शेवटी आत्याने नियम केला, दोन ते चार काम बंद. पहिल्या आठवड्यात कुरबुर झाली, नंतर काकू स्वतःच चहाच्या वेळी “आज कुठवर आलं?” विचारायला फाटकाशी येऊ लागल्या.

*आधी थांबायला शिकवा*

दादाला आधी रंग द्यायचा होता. रंगवलेली गाडी दिसली की घरच्यांचाही उत्साह टिकतो, असं त्याचं म्हणणं. ते अगदीच चूक नाही. पण मामाजींचा क्रम ठरलेला होता. आधी ब्रेक, मग स्टिअरिंग आणि पुढचा ॲक्सल, मग इंजिन, मग वायरिंग. रंग शेवटी. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच. पैसे संपतात ते नेहमी शेवटी, आणि शेवटी अपुरं राहायचंच असेल तर रंग राहिलेला बरा, ब्रेक नको.

चारही चाकांचे ब्रेक उघडले. मागचे लायनर झिजून रिव्हेटपर्यंत आले होते, एका चाकाच्या सिलिंडरमधून ब्रेक ऑइल पाझरत होतं. पुढचं चाक उचलून वर-खाली हलवलं तर खटखट लागलं, म्हणजे किंगपिन किंवा बेअरिंगमध्ये ढिलाई. बेअरिंग घट्ट करूनही खटखट राहिलं, तेव्हा किंगपिन बदलले. मागचा एक पाटा तुटलेला निघाला.

इंजिन या गाडीत सीटच्या खाली असतं. त्यामुळे आवाज, उष्णता, सगळं ड्रायव्हरच्या बुडाखाली. धूर काळा होता. डिझेल गाडीचा धूर बरंच काही सांगतो. काळा असेल तर डिझेल नीट जळत नाहीये, हवेचा फिल्टर आणि नोझल बघा. निळसर असेल तर ऑइल जळतंय, म्हणजे मोठा खर्च. गाडी तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर पाणी आत जात असण्याची शक्यता. आमचा काळा निघाला, हे नशीब. फिल्टर इतका चोंदला होता की आत्याने तो बघून विचारलं, “हे काय आहे, घरटं?” नोझल पंपवाल्याकडे तपासून घेतले, रेडिएटर साफ करून आणला, पट्टा आणि होजपाइप बदलले. इंजिन उघडावं लागलं नाही. तेवढ्यावर हिशेब बसला.

*नवं काय लावायचं?*

खरी वादावादी इथे झाली. दादाच्या मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ. जुनी पिकअप उचलून उंच केलेली, जाड टायर, मॅट काळा रंग, पुढे दिव्यांची माळ. दिसायला भारीच, मलाही आवडले. पण आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. रंगसुद्धा पुस्तकात लिहिलेला असतो, बदलायचा तर परिवहन कार्यालयाची परवानगी घेऊन नोंद करून घ्यावी लागते. शिवाय १६ अश्वशक्तीच्या इंजिनाला मोठे टायर लावले तर चढावर जीव जाणार तो इंजिनाचाच. मॅट काळ्या रंगाचा निकाल आत्याने एका वाक्यात लावला. “मे महिन्यात भाजी उकडूनच पोचेल रे बाबा.” गाडी पांढरीच राहिली.

मग बदललं काय? जे ड्रायव्हरला दिवसभर उपयोगी पडेल ते. सीटचा फोम नवा, त्याखाली उष्णता अडवणारी शीट. एक छोटा पंखा. फ्यूज लावून मोबाइल चार्जिंगची सोय. मागे रिव्हर्सचा बझर, कारण गल्लीत लहान मुलं असतात. आणि हेडलाइटला रिले. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठं काम. जुन्या गाडीत दिव्याचा सगळा प्रवाह लांबच्या जुन्या वायरीतून आणि स्विचमधून फिरून येतो, वाटेतच दाब कमी होतो, दिवा मिणमिणतो. रिले लावला की दिव्याला बॅटरीतून जवळच्या वाटेने प्रवाह मिळतो, स्विच फक्त हुकूम देतो. बल्ब तोच, उजेड दुप्पट वाटावा असा. दादाने त्या रात्री दिवे लावून समोरच्या भिंतीवरचा उजेड सगळ्यांना बोलावून दाखवला.

हौद्याला पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल परावर्तक पट्टी लागली. एकूण खर्च ७८ हजार, त्यात मोठा वाटा टायर आणि हौद्याचा.

*पंधरा वर्षांची धास्ती*

या काळात कॉलनीतला प्रत्येक जण एकच गोष्ट सांगून गेला. “पंधरा वर्षं होत आली, सरकार उचलून भंगारात घालणार.” हे ऐकून आत्या दोन रात्री झोपली नाही. मुदत ठेव मोडून भंगार घेतलं की काय? तर तसं नाही. वय झालं म्हणून गाडी बंद, हा नियम दिल्ली आणि आसपासच्या भागासाठी आणि सरकारी मालकीच्या गाड्यांसाठी. इतर ठिकाणी प्रश्न तंदुरुस्तीचा असतो. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावं लागतं. गाडी जुनी होत जाते तशी त्याची फीही बरीच वाढते. म्हणजे जुनी गाडी ठेवता येते, फक्त ती दरवर्षी परीक्षेला बसते आणि परीक्षेची फीही भरते. जुनी गाडी घेणाऱ्याने हा खर्च आधीच हिशेबात धरावा.

पहिल्या खेपेला गाडी परत आली. ब्रेक पास, धूर पास, पण हेडलाइट! उजेड वाढला होता, पण झोत वर जात होता, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. दादाचं तोंड एवढंसं झालं. मामाजी काही बोलले नाहीत. संध्याकाळी गाडी सपाट जागी भिंतीसमोर उभी केली, खडूने रेघ मारली आणि स्क्रू फिरवून झोत खाली आणला. दहा मिनिटांचं काम. पुढच्या आठवड्यात प्रमाणपत्र मिळालं, एका वर्षाचं.

आता दादा पहाटे धमध्याकडे जातो. दुर्ग जिल्ह्यातला हा भाग टोमॅटोसाठी प्रसिद्ध आहे. हंगामात रस्त्याच्या कडेला क्रेट रचलेले दिसतात. एका सकाळी मीही गेले. सीजी ०७ ची पाटी लावलेली अशीच आणखी पाच-सहा छोटी हत्तीणं तिथे रांगेत उभी होती, काही आमच्याहूनही म्हातारी. परतताना चाळीसच्या वर काटा नेऊ दिला नाही दादाने. “नवीन पाटे आहेत, बसू दे आधी.” सीट अजिबात गरम झाली नाही, हे मात्र मी आत्याला आवर्जून सांगितलं. वाटेत शिवनाथेवर धुकं होतं, आणि ते दोन दिवे त्यात व्यवस्थित, रस्त्यावरच, पडत होते.

मागच्या फाळक्याचा डावा खटका अजून नीट बसत नाही. तूर्त त्याला तार बांधली आहे. सोमवारी लेथवाल्याकडून नवी पिन काढून आणायची आहे, आणि तिचे पैसे दादा स्वतःच्या भाड्यातून देणार आहे.