भेटकलम

आंब्याची कलमे बांधण्यात ज्याची चाळीस वर्षे गेली त्या माणसाने श्रद्धेविषयी लिहावे अशी आज्ञा संपादकांनी केली, तेव्हा प्रथम मला संकोच वाटला. कारण प्रवचन हा आमच्या मंडळीत पाळकांचा अधिकार, आणि माझा अधिकार चाकू, सुतळी व शेणखत यांपलीकडे जात नाही. परंतु ज्या शुभवर्तमानात पेरणारा, मोहरीचा दाणा आणि द्राक्षमळा वारंवार भेटतात, आणि ज्यात पुनरुत्थानाच्या प्रभाती शोकाकुल मरीयेला प्रत्यक्ष प्रभूच माळी वाटला, त्याविषयी एखाद्या माळ्याने चार शब्द लिहिले तर तो अमर्याद ठरू नये, अशी मनाची समजूत घालून मी बसलो आहे.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात रानजैतुनाची फांदी बागेतल्या जैतुनाला जोडल्याचा दृष्टान्त आहे. आमच्या धंद्यातली रीत नेमकी उलटी: खुंट रायवळ आणि काटक, अन् त्यावर काडी जातिवंत झाडाची. तरुणपणी मला वाटे की पौल हा तंबू करणारा नगरवासी, त्याला बागाईत काय कळणार. परंतु ही जोडणी निसर्गाच्या विरुद्ध असल्याचे तो स्वतःच कबूल करतो, हे पुढे ध्यानात आले आणि माझे शहाणपण जिरले. फांदीने मुळावर उपकार केल्याची ऐट मिरवू नये, मूळच तिला धारण करते, एवढेच त्याला सांगायचे होते.

भेटकलमाची पद्धत आता मागे पडली, तरी माझा जीव तिच्यावरच. कोयीपासून वाढवलेले वर्षाचे रोप कुंडीसकट माचाणावर चढवून हापूसच्या फांदीजवळ न्यायचे, दोहोंच्या अंगाची बोटभर लांबीची साल किंचित लाकडासह तासायची, आणि साल व लाकूड यांमधला जिवंत ओला थर थराला भिडेल अशा बेताने ती दोन्ही अंगे सुतळीने एकत्र बांधायची. मग दोन-अडीच महिने पाणी घालण्यावाचून काही करायचे नाही. त्या अवधीत फांदी आईच्या झाडावरच असते. सांधा जुळला की तिला खालून अर्धा छेद द्यायचा, आठवड्याने पुरता, आणि खुंटाचा शेंडा उडवायचा. माझ्या आजीने मला प्रार्थना शिकवली ती याच रीतीने. ती जात्यावर बसून बोले, मी शेजारी असे, आणि माझे म्हणणे तिच्यापासून केव्हा तुटून स्वतंत्र झाले ते दोघांनाही कळले नाही.

उमेदवारीच्या दुसऱ्या वर्षी मी शंभरावर कलमे बांधली आणि नोंदवहीत सर्व ‘जिवंत’ म्हणून मोठ्या अभिमानाने दाखल केली. सुतळी तेवढी सोडायची राहिली. पुढच्या पावसाळ्यात बांधाच्या वर गाठी सुजल्या, बंध खोडात रुतला, आणि वाऱ्याच्या पहिल्या झोताने निम्मी रोपे नेमकी त्या जागी मोडली. धर्मशिक्षणाच्या कामी आमच्या मंडळीला हाच रोग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे: बांधण्याची घाई फार, सोडण्याची तारीख कोणालाच आठवत नाही, आणि हजेरीपटावर सगळे जिवंत!

मोजदादीचा हा हव्यास ज्यांना आवरत नाही त्यांनी मिशनरी विल्यम केरीकडे पाहावे. 1793 साली तो बंगालात उतरला, आणि एतद्देशीय माणसाचा पहिला बाप्तिस्मा, कृष्ण पाल नावाच्या सुताराचा, झाला तो 1800 च्या डिसेंबरात. मधली सात वर्षे दप्तरी पाहिली तर कोरी. या गृहस्थाने हुगळीकाठच्या श्रीरामपुरात (नगर जिल्ह्यातल्या नव्हे) मोठी बाग उभारली, 1820 मध्ये कलकत्त्यास कृषी व उद्यानविद्येची संस्था स्थापली, आणि वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने आपल्या मराठीचे व्याकरण 1805 साली व कोश 1810 साली छापला. इंग्लंडहून आलेल्या बियांची पिशवी रिकामी झाल्यावर तिच्यातली माती त्याने बागेच्या एका सावलीच्या कोपऱ्यात झटकली, तो काही दिवसांनी तिथे मायदेशीचे डेझीचे फूल उगवले. ते कोणी पाठवले नव्हते, कोणी पेरले नव्हते. 1823 च्या पुरात ती सारी बाग वाहून गेली, आणि साठी उलटलेल्या त्या माणसाने ती पुन्हा लावायला घेतली. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने त्याचे नाव ज्या वृक्षाला दिले तो ‘केरिया आर्बोरिया’ म्हणजे आपला सह्याद्रीतला कुंभा; जाड सालीमुळे वणव्यातही तगणारा. हे नाव देण्यात रॉक्सबर्गने जाणूनबुजून विनोद केला की नाही, देव जाणे.

महाराष्ट्रात ख्रिस्ती श्रद्धेचे कलम खऱ्या अर्थाने धरले ते, माझ्या मते, नारायण वामन टिळकांच्या ठायी. कोकणात करजगावी 1861 साली जन्मलेला आणि 1895 साली मुंबईस बाप्तिस्मा घेतलेला हा कवी येईपर्यंत आमच्या मंदिरांतून बहुधा परभाषेतून उतरवलेली स्तोत्रे विलायती चालींवर गाइली जात, आणि गाणाऱ्यांना त्यांत काही उणे आहे याचे भानही नसे. टिळकांनी अभंगाचा खुंट निवडला. त्या खुंटाची मुळे ज्ञानदेव-तुकोबांच्या मातीत किती खोल गेली होती हे त्यांना ठाऊक होते, आणि त्यांनी ती कधी लपवलीही नाहीत. येथे पौलाची उपमा माझ्या उपमेशी जुळत नाही, हे मला दिसते. परंतु उपमा ओढून ताणू नये, सांध्याप्रमाणे तीही निसटते.

लूकच्या शुभवर्तमानात तीन वर्षे फळ न धरलेले अंजिराचे झाड तोडण्याचा हुकूम धनी देतो, आणि माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो; तेवढ्यात आपण भोवती खणून खत घालू, असे विनवतो. पुढे त्या झाडाचे काय झाले, हे सांगितलेले नाही. माझ्या अंगणातले एक कलम नऊ वर्षे मोहरले नाही, आणि मी दरसाल त्याच्या आळ्यात दोन घमेली शेणखत घालतो.

या मृगात रुजवलेल्या कोयींचे खुंट पुढच्या पावसाळ्यात बांधणीला येतील. ज्यांना भेटकलम शिकायचे असेल त्यांनी अवश्य यावे. चाकू मात्र आपापला आणावा, आणि सुतळी सोडायलाही यायचे कबूल करावे.