दोन रेघा

गेल्या वैशाखांत एका दुपारीं माझ्या खोलींतल्या संगणकाच्या पडद्यावर चौकटी कंसांत चार खुणा उमटल्या : एक यू, दोन आडव्या रेघा, आणि शेवटीं पुन्हां एक यू. ज्याला या खुणांचा अर्थ ठाऊक नाहीं त्याला त्यांत भिण्यासारखें कांहींच दिसणार नाहीं. मला तो ठाऊक होता, म्हणून माझे हातपाय गार पडले; आणि मंठ्याला वैशाखांत हातपाय गार पडावयाला तसेंच कारण लागतें.

इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या माणसानें या भानगडींत पडावेंच कां, असें आमच्या सौभाग्यवतींनीं मला अनेकदां विचारलें आहे. उत्तर असें कीं, २००९ सालापासून माझे विद्यार्थी आणि मी आसपासच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करीत आलों आहों. हेमा राइरकर आणि गी पॉइतवां यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांच्या मानानें आमचें काम म्हणजे ओंजळभर. पण त्या ओंजळींत पहिल्याच वर्षीं मुद्रित केलेला माझ्या आईचा आवाजही आहे. ती २०१४ सालीं गेली.

हा सर्व ठेवा मीं चार डिस्कांच्या एका मांडणीवर ठेवला होता. १९८८ सालीं बर्कलेच्या विद्यापीठांतील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनीं एका निबंधांत या मांडणीला 'रेड' असें नांव दिलें. एका मोठ्या, महागड्या डिस्कऐवजीं अनेक स्वस्त डिस्क जोडाव्या, आणि त्यांतली एखादी गेली तरी काम चालावें, असा तिचा इत्यर्थ. नांवांतलें एक अक्षर मूळचें 'स्वस्त' या अर्थाचें. पुढें तें 'स्वतंत्र' या अर्थाचें ठरलें. स्वस्त म्हणून माल महाग विकतां येत नाहीं, तेव्हां यांत कोणाला नवल वाटूं नये! युक्ति मात्र किराणा दुकानदाराच्या बेरजेसारखी सोपी आहे. तीन आंकडे आणि त्यांची बेरीज लिहून ठेवली, कीं त्यांपैकीं कोणताही एक आंकडा पुसला गेला तरी उरलेल्यांवरून तो काढतां येतो. दोन पुसले गेले कीं गणित संपलें. माझी मांडणी पांचव्या जातीची. तींत ही बेरीज चारी डिस्कांवर आळीपाळीनें विखुरलेली असते. कॉलेजांतल्या समितीसारखीच तिची स्थिति समजा : चारांपैकीं एक सभासद गैरहजर असला तर सभा चालते, दोन असले तर मोडते. त्या दुपारीं दोन गैरहजर होते. दोन रेघा त्यांच्याच.

दुरुस्तीच्या दुकानांत विचारणा केली. तेथला तरुण म्हणाला, "सर, दोन्ही गेल्या. नव्या घालूं, फॉरमॅट मारूं, मोकळे व्हा." मोकळें होण्याचा हा मार्ग मला पसंत पडेना. मग पुण्याला नोकरी करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. माझें सारें गाऱ्हाणें ऐकून तो म्हणाला, "सर, आधीं एक करा. कांहींएक लिहूं नका."

"मी काय लिहिणार?"

"डिस्कांवर, सर. 'क्रिएट' ही आज्ञा तर चुकूनही देऊं नका."

घाबरलेला मनुष्य नेमकी हीच आज्ञा देतो, असें त्याचें म्हणणें. ती जुन्या डिस्कांवर नवें मथळे लिहिते. त्यांत डिस्कांचा क्रम चुकला आणि बेरीज नव्यानें मांडली गेली, कीं मूळचा मजकूर कायमचा गेला. लिनक्सचा मोठा गुण हा कीं, ती प्रणाली कांहीं लपवीत नाहीं. लिनस टोरवाल्ड्स यानें १९९१ सालीं विद्यार्थिदशेंत ती लिहावयास घेतली, तेव्हांपासून तिचें अंतरंग सर्वांना उघडें आहे. आणि आपल्या कुरबुरीही ती रोजनिशींत इमानानें टिपून ठेवते. ती रोजनिशी मीं फोनवर वाचून दाखविली. दोन्ही डिस्क दोन सेकंदांच्या आंत नाहींशा झाल्या होत्या.

"सर, दोन माणसें एकाच क्षणीं गेलीं तर आपण काय समजतों?"

"अपघात."

"मग तीं ज्या गाडींत बसलीं होतीं ती गाडी पाहा."

आयुष्यांत मीं ज्याला हॅम्लेट शिकविला त्याच्याकडून असा धडा घेतांना मला थोडें ओशाळल्यासारखें झालें, पण सुखही वाटलें. गाडी म्हणजे कंट्रोलर. संगणकाच्या मुख्य पाटावर दोनच जागा मोकळ्या होत्या, म्हणून उरलेल्या दोन डिस्क मीं एका स्वस्त कार्डाला जोडल्या होत्या. आणि गेल्या त्या नेमक्या त्याच. डिस्क स्वतःच्या प्रकृतीचीही नोंद ठेवते. ती पाहिली : खराब झालेल्या जागा शून्य. मात्र डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधल्या वाटेंत मजकूर बिघडल्याची नोंद दोन्हींवर शेंकड्यांनीं वाढलेली. घर धड, रस्ता खराब! कार्ड काढून पाहिलें, तों त्याच्या मुख्य चिपेवरचा उष्णता काढणारा धातूचा तुकडा एका बाजूनें सुटला होता, आणि त्यावर आमच्या काळ्या मातीची धूळ बोटभर साचली होती. खिडकीजवळ वारा लागेल म्हणून संगणक मीच तेथें ठेवला होता.

नवें कार्ड यावयास चार दिवस लागले. संगणक बंद होता. त्या दिवसांत मला राहून राहून एकनाथमहाराजांची आठवण होई. पैठण आमच्यापासून फार दूर नाहीं. तेथें १५८४ सालीं त्यांनीं ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. त्यांच्यापाशीं निदान निरनिराळ्या प्रती होत्या. माझ्यापाशीं चार डिस्क होत्या, प्रत मात्र एकच होती, हें मला पंधरा वर्षांत सुचलें नव्हतें. विद्यार्थ्यानें तें फोनवर हळूच सांगितलें होतें : "सर, रेड म्हणजे बॅकअप नव्हे." चुकून एखादी फाइल पुसली, तर ही मांडणी तें पुसणेंही चारी डिस्कांवर निष्ठेनें उतरवून घेते.

पांचव्या दिवशीं कार्ड बसविलें. प्रत्येक डिस्कवर मांडणींतल्या घडामोडींचा एक आंकडा असतो. तो कागदावर उतरवून घेतला. दोघींचा सारखा, तिसरीचा किंचित मागें, चौथीचा आणखी मागें. म्हणजे चौथी आधीं पडली होती. नील ब्राउन यानें लिहिलेल्या 'एमडीएडीएम' या अवजारानें पहिल्या तीन डिस्क जबरीनें एकत्र उभ्या केल्या आणि मजकूर केवळ वाचण्यापुरता उघडला. एंटर दाबतांना मीं डोळे मिटले होते, हें कबूल करण्यास हरकत नाहीं. सर्व जागच्या जागीं होतें. आधीं दुसऱ्या एका डिस्कवर सगळ्याची नक्कल केली, आणि मगच चौथी आंत घेतली. तिची बेरीज पुन्हां भरून निघावयास सहा तास लागले. त्यांतले दोन तास वीज नव्हती आणि आम्ही उभयतां पंखा बंद करून, इन्व्हर्टर पुरेल ना या चिंतेंत, अंधारांत बसलों होतों.

नक्कल केलेली डिस्क मीं परभणीला बहिणीकडे नेऊन दिली. कपाटांत ठेव म्हटलें, पण तिनें आधीं ती मुलाकडून लावून घेतली आणि रात्रीं मला फोन केला. तिसऱ्या ओवीला आईला ठसका लागतो आणि ती जातें थांबवून पाणी मागते, तेवढें मीं इतक्या वर्षांत काढून कां टाकलें नाहीं, असें ती विचारीत होती, आणि लगेच म्हणाली, "काढूं नकोस हं, दादा."