टोरांटोची सवाष्ण

सकाळी जयविलास राजवाड्यात शिंद्यांच्या जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी पाहिली. पाहुण्यांपुढे ब्रँडी आणि सिगार घेऊन फिरणारी, काचपात्र उचललं की थांबणारी! ग्वाल्हेरात याहून नवल काय दिसणार, असं म्हणत संध्याकाळी बिर्लानगरला गेले.

घनश्यामदास बिर्लांच्या जियाजीराव कापड गिरणीभोवती वसलेली ही वस्ती. नव्वदच्या दशकात गिरणी बंद पडली, पण काकूंचं घर इथेच राहिलं.

गौरी जेवणाचा दिवस. सवाष्ण दुपारी जेवायची. इथे नैवेद्य तेवढा दुपारी दाखवून पान साडेसातला मांडलं होतं. कारण सवाष्ण म्हणजे काकूंची लेक टोरांटोत, आणि तिथे तेव्हा सकाळचे दहा.

पाटावर टॅब्लेट, पुढे केळीचं पान, भोवती रांगोळी. वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. मध्ये वरणभात, पुरणपोळी. शेजारच्या पाटावर मी. काकूंनी अनामिकेवर कुंकू घेतलं आणि काचेवर लेकीच्या कपाळाशी टेकवलं. त्याच क्षणी तिकडे लेकीने आपलं बोट आपल्या कपाळाला लावलं. दोन ठिपके जुळेनात. लेक जरा डावीकडे सरकली, मान झुकवली, आणि जुळले. माझ्या अंगावर काटा आला.

यंत्राच्या मदतीने माणसं जमवायचा हा ध्यास कलावंतांनाही आहे. किट गॅलोवे आणि शेरी राबिनोविट्झ यांनी १९८० मध्ये न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरची माणसं उपग्रहाच्या मदतीने समोरासमोर उभी केली. मात्तिया कासालेन्योने २०१९ मध्ये न्यूयॉर्कला पाहुण्यांच्या डोळ्यांवर आभासी जग चढवून त्यांना जेवू घातलं. स्वयंपाक चिंतन पंड्यांचा. थोर कामं आहेत. पण मला वाटतं, पंगत जमते ती आग्रहाने.

"अजून एक पोळी घेऊन घे," काकू हिंदीच्या शेजाराने घडलेल्या मराठीत म्हणाल्या. दोन क्षण पडदा गप्प. मग "नको गं आई" आलं, तोवर काकूंनी पानात पोळी वाढून वर तुपाची धार सोडलीही होती. तिकडे लेकीने दुकानातून आणलेली गोठवलेली पोळी तव्यावर टाकली.

ओटीच्या वेळी तिने पदर पसरला. काकूंनी खण, नारळ, तांदूळ पाटावर ठेवले. तिने डब्यातले तांदूळ आपल्याच हाताने ओटीत घेतले.

पडदा काळा झाल्यावर काकूंनी त्या पानातली तूप मुरलेली पोळी उचलून माझ्या पानात वाढली.

"तिच्या वाटची आहे. टाकू नकोस."