पश्चिमेची खिडकी

नागपूरच्या मे महिन्याबद्दल बाहेरच्या माणसाला काही सांगू नये, त्याचा विश्वास बसत नाही. पारा ४५च्या वर जातो आणि आमच्याकडे भर दुपारी लग्नं लागतात! असो.

बाबांची खोली पश्चिमेची. दोन वर्षांपूर्वी उजवी बाजू गेली तेव्हापासून ते तिथंच असतात. तीननंतर ऊन थेट पलंगावर येतं. कूलरची ओल त्यांच्या छातीला मानवत नाही. हॉलमध्ये चला म्हटलं की नुसती मान हलवतात. त्या खिडकीतून कडुनिंब दिसतो ना..

शेवटी आईचं मशीन काढलं. ती गेल्यापासून झाकूनच होतं. तेल घातलं, पट्टा बदलला. खिडकी चार फुटांची, पण कापड आठ फूट रुंदीचं घेतलं, कारण ताणून बसलेला पडदा कडांनी ऊन आत सोडतो, चुण्या पडायलाच हव्यात. खोलीच्या बाजूला निळं कापड, खिडकीकडे पांढऱ्या मांजरपाटाचं अस्तर. पांढरा रंग बरंचसं ऊन परतवतो आणि दोन थरांमधली हवा उष्णता सहजी पुढं जाऊ देत नाही. खरं तर ऊन काचेच्या बाहेरच अडवायला हवं. आईच्या वाळ्याच्या ताट्या तेच करायच्या, वर वास! पण त्यांच्यावर दिवसभर पाणी कोण शिंपडणार?

एक घोळ घातलाच. निळं कापड आधी भिजवून घेतलं, अस्तर विसरले. पहिल्याच धुण्यात मांजरपाट आटलं आणि पडदा खालून गोळा झाला. दोन संध्याकाळी उसवण्यात गेल्या. आता अस्तर खालून मोकळं सोडलंय, इंचभर आखूड. आईनं हे शिवण्याआधीच सांगितलं असतं.

परवा अडीचला पडदे ओढले. चारला थर्मामीटर पाहिला तर आदल्या दिवसापेक्षा दोन अंश कमी! मी हरखून बाबांना दाखवायला गेले.

"अंधार काहून करून राहिली?" बाबा अडखळत म्हणाले.

"अहो बाबा, ऊन लागतं तुम्हाला."

ते काही बोलले नाहीत. जिथं खिडकी होती तिकडेच बघत राहिले.

पायाकडचा पडदा वीतभर सरकवला. उन्हाची पट्टी चादरीवर आली आणि फटीतून एक फांदी दिसायला लागली. थर्मामीटर अर्ध्या अंशानं चढला. मी तो उचलून हॉलमध्ये नेऊन ठेवला.